डावा अंगठा

सकाळी साडेसात ते आठ या अर्ध्या तासात एकनाथ तामोरेला कारखान्यात साहेबाइतका मान असे. आठ वाजून गेले की तो पुन्हा टाइम ऑफिसचा कारकून. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, पार आतल्या गल्लीत, रंगांची कच्ची रसायनं बनवणारा तो कारखाना. फाटक एकच. फाटकाच्या आत लोखंडी फिरता अडसर आणि अडसराशी भिंतीवर हजेरीचं मशीन. काचेवर अंगठा टेकवला की मशीनमधली बाई 'थँक यू' म्हणायची, हिरवा दिवा लागायचा आणि अडसर फिरायचा. अंगठा पटला नाही तर ती म्हणायची, 'प्लीज ट्राय अगेन.' आणि ते ती फार वेळा म्हणायची.

कारण आत काम करणाऱ्यांना अंगठे असे उरलेलेच नसत. आम्लाची पिंपं हाताळून आणि ब्लीचिंगच्या पाण्यात हात घालून वर्षभरात बोटांच्या रेषा पुसल्या जायच्या. हातमोजे होते, नाही असं नाही. ते तपासणीच्या दिवशी कपाटातून बाहेर निघायचे आणि संध्याकाळी कपाटात जायचे. मशीननं अंगठा घेतला नाही की त्या कंत्राटी माणसाचा अर्धा दिवस गेला. ऑफिसातल्या कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण ऑफिसातल्यांचे अंगठे छान होते.

एकनाथ किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. त्याच्या बापाची मासेमारीची बोट होती, त्यामुळे राबणाऱ्या माणसाचे हात कसे होतात हे त्याला सांगावं लागत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्यानं आपला एक उपाय काढला. ज्या तिघांचे अंगठे मशीन काही केल्या घेईना, त्यांच्या नावावर त्यानं आपलीच बोटं नोंदवून टाकली. उजवा अंगठा स्वतःचा, दोन तर्जन्या दोघांच्या आणि डावा अंगठा जिवल्याचा. एकनाथच्या दोन हातांवर अशी चार माणसं कामाला होती. हा गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण यात वाईट काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

जिवल्या विक्रमगडच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, तिशीचा, कमी बोलणारा. सांडपाण्याच्या टाकीवर गाळ काढायचं काम त्याच्याकडे होतं. बोईसरहून माणसं आणणारा टेम्पो रोज त्याच वेळी पोचायचा, त्यामुळे सात बावन्न म्हणजे जिवल्या हे ठरलेलं. तो मशीनशी उभा राहायचा, थोडं हसायचा आणि हळूच म्हणायचा, "साहेब, माजा अंगठा लावा."

एकनाथ डावा अंगठा टेकवायचा. बाई थँक यू म्हणायची.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. पाचला गर्दी तुंबू नये म्हणून अडसर उघडाच ठेवत. एकनाथला बोईसरहून मुरब्याची एसटी गाठायची असे. माणसं दिसोत न दिसोत, तो आपली तीन बोटं एकामागून एक टेकवायचा, शेवटी उजवा अंगठा लावायचा आणि पळायचा. आठ महिने कुणाचं काही बिघडलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी जिवल्या सात बावन्नला आत गेला. पाच वाजून चार मिनिटांनी एकनाथनं त्याला बाहेर काढलं, म्हणजे डावा अंगठा टेकवला, आणि एसटी गाठली. त्या संध्याकाळी जिवल्या त्याला दिसला होता का? नव्हता. पण तसा तो रोज कुठे दिसायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर एक म्हातारा बसलेला होता. डोक्याला पंचा, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. वॉचमन रामकिसन म्हणाला, "कल शाम से बैठा है साहब. बोलता है, बेटा बाहर नहीं आया."

तो गोमा, जिवल्याचा बाप. भात कापणीला आलं होतं, वाघबारशीचा सण चार दिवसांवर होता, म्हणून पोराला न्यायला आला होता. गुरुवारी चार वाजल्यापासून फाटकासमोर बसला होता.

"एकच दार हाय ना तुमचं?" त्यानं एकनाथला विचारलं. "सगली मानसं आली. माजा पोर नाय आला."

"गर्दीत चुकला असेल, बाबा."

"चिंबोरीच्या बिलाशी बसावं तसा बसलो मी. डोला हालवला नाय."

एकनाथला कालची नोंद आठवली. पाच चार. तो अंगठा कुणाचा, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातला एक सापडत नव्हता.

त्यानं त्या क्षणी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यानं काय केलं? ऑफिसात जाऊन उरलेल्या दोघांच्या नावावरची आपली बोटं काढून टाकली आणि त्यांना मशीनवर टेकवायची हजेरीची कार्डं दिली. जिवल्याचंही नाव काढायला गेला, पण मॅनेजर प्रदीप सरांनी तोवर ती नोंद कुलूपबंद केली होती. गोमाच्या तक्रारीवरून पोलिस येणार होते आणि नोंद कारखान्याच्या फायद्याची होती.

आलेले हवालदार मनानं वाईट नव्हते. त्यांनी गोमाचा जबाब लिहून घेतला. मुलाच्या अंगावरची खूण विचारली. गोमा म्हणाला, "डाव्या अंगठ्यावर वण हाय, तिरका. गवत कापताना माजाच कोयता लागला होता. नऊ वर्साचा होता तवा."

एकनाथ शेजारी उभा राहून ऐकत होता. आठ महिने त्या माणसाचा अंगठा म्हणून तो वावरला, पण त्याचा खरा अंगठा त्यानं कधी पाहिलेला नव्हता.

"टाकी उघडा," गोमा म्हणाला. "गालाची टाकी. तितं कामाला होता तो."

हवालदारांनी त्याला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. माणूस हरवल्याची नोंद करायला बापाचा शब्द पुरे. पण टाकी उपसायची तर कारखाना दोन दिवस बंद पडतो, त्याला नुसता शब्द पुरत नाही, काहीतरी हातात लागतं. आणि उद्या कुणावर गुन्हा लावायचा तर त्याहून पक्कं लागतं. "तुम्ही म्हणता तो बाहेर आला नाही. मशीन म्हणतं आला. मी कुणाचं धरू?"

"माज्या डोल्यांचं धरा."

"कॅमेरा असता तर धरलं असतं," हवालदार म्हणाले. फाटकावर कॅमेरा होता, पण तो दिवाळीआधी दुरुस्त व्हायचा होता.

गोमा उठून पुन्हा फाटकासमोर जाऊन बसला.

शनिवारी सकाळी हजेरीचा कागद काढताना एकनाथला ती नोंद दिसली. जिवल्या. आत. सात बावन्न. शुक्रवारच्या रकान्यातही तेच, आणि शुक्रवारी बाहेर पडल्याची नोंदच नाही. त्याला आधी स्वतःचाच राग आला. सवयीनं आपणच टेकवला असणार. आठ महिन्यांची सवय एका दिवसात सुटते थोडीच! सोमवारी तो डावा हात पँटच्या खिशात घालून मशीनशी उभा राहिला. सात पन्नास, एक्कावन्न. टेम्पोतली माणसं एकेक करून आत गेली. मध्ये क्षणभर मशीनसमोर कुणीच नव्हतं.

"थँक यू," बाई म्हणाली.

अडसर फिरला.

संगणकावर जिवल्याचं नाव होतं. एकनाथनं मशीन बसवणाऱ्या नीलेशला बोलावलं. नीलेशनं वायरी काढल्या, काच पुसली, दोन तास खटपट केली. "मशीन ठणठणीत आहे. बोट टेकलं तरच नोंद होते, अन् बोटात ऊब नसेल तर हे मशीन घेतच नाही. रबराचा अंगठासुद्धा चालत नाही."

"पण समोर कुणी नसतं रे."

"मग तुमचं लक्ष नसतं," नीलेश म्हणाला आणि बॅग आवरून निघाला.

प्रदीप सरांना मात्र आनंद झाला. "म्हणजे माणूस जिवंत आहे! ड्युटीवर येतोय."

"सर, त्याला कुणी पाहिलेलं नाही."

"पाहिलं नाही हा पुरावा होतो का, एकनाथ? त्या म्हाताऱ्याचंही तेच, मी पाहिलं नाही, मी पाहिलं नाही. मशीन आकडे देतं. तारीख, वेळ. त्याला सांगा, तुमचा मुलगा रोज हजर आहे."

एकनाथनं ते खरंच जाऊन सांगितलं. नोकरी असं करून घेते माणसाकडून. गोमानं ऐकून घेतलं. "मंग दाखवा," तो म्हणाला. एकनाथ मागे फिरून ऑफिसात गेला.

वाघबारस गेली. पाड्यावर भात उभं वाळत होतं. जिवल्याची बायको ठमी एक दिवस येऊन फाटकाकडे बघत बसली, सासऱ्याजवळ भाकरी ठेवून परत गेली. रामकिसननं एक नवीनच तक्रार सुरू केली. "साहब, मशीन के नीचे रोज कोई पानी गिराता है." एकनाथनं वाकून पाहिलं. लादीवर हातभर ओल होती, पिवळट, आणि तिला एक वास होता. आंबट, जड, घशात बसणारा. सांडपाण्याच्या टाकीवरून वारा आला की कारखानाभर यायचा तोच. पण टाकी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होती आणि मधल्या सिमेंटवर थेंबसुद्धा नव्हता.

"पुसून टाक," एकनाथ म्हणाला.

घरी जेवताना पुष्पलतानं त्याचा हात धरला. "मावरं मी साफ केलं, आन वास तुमच्या हाताला? आन हा अंगठा बगा. कशात बुडवून ठेवलेला?"

डावा अंगठा पांढरा पडला होता. कातडी फुगून सुरकुतली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. बाकीची नऊ बोटं कोरडी होती.

त्यानं साबण लावला, खोबरेल लावलं, फडकं गुंडाळलं. सकाळी फडकं ओलं झालेलं होतं.

एकनाथ देवभोळा नव्हता. ज्याला हिशेब लागत नाही ते अजून कळलेलं नाही एवढंच, असं मानणारा तो माणूस. त्यामुळे त्याला जे कळत होतं तेवढंच त्यानं धरलं: पाच चारचा अंगठा माझा होता, म्हणून जिवल्या बाहेर पडला हे खोटं, म्हणून तो आत आहे. यात भूतखेत काही नव्हतं. आणि एवढं कळूनही तो अकरा दिवस गप्प बसला होता. त्याला स्वतःची किळस आली.

बाराव्या दिवशी चौकशी मिटवायला हवालदार आले. प्रदीप सरांनी मशीनशेजारीच टेबल मांडलं, नीलेशला लॅपटॉप घेऊन बोलावलं, गोमाला आत घेऊन खुर्ची दिली. गोमा खुर्चीत न बसता भिंतीशी उकिडवा बसला.

"नोंदीप्रमाणे तुमचा मुलगा गुरुवारी पाच चारला..." सरांनी सुरुवात केली.

"तो अंगठा माझा होता," एकनाथ म्हणाला.

बाहेर एक टँकर मागे मागे येत पीं पीं करत होता.

एकनाथनं सगळं सांगितलं. पुसलेले अंगठे, आपली बोटं, एसटीची घाई. एकेक शब्द निघाला तसं त्याच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. गोमानं मान वर केली. बारा दिवसांत पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "असं असेल तर तो बाहेर पडल्याचा पुरावाच राहत नाही. मग मला टाकी उपसून घ्यावी लागेल. आजच."

"बाकीचे दोघे?" प्रदीप सरांनी विचारलं.

त्या दोघांना बोलावलं. दोघांनी गळ्यातली कार्डं दाखवली. "आमचं कार्डच हाय साहेब. पयल्यापासून." दोघांनीही एकनाथकडे पाहिलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? एकनाथनं आपल्याच हातांनी सगळ्या खुणा मोडल्या होत्या.

"शब्द नको," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "साधी गोष्ट आहे. अंगठा तुमचा आहे ना? मग लावा."

एकनाथनं अंगठ्यावरचं फडकं सोडलं. अंगठा पँटला पुसला. काचेवर ठेवला.

"प्लीज ट्राय अगेन."

पुन्हा पुसला. पुन्हा ठेवला, जोर देऊन.

"प्लीज ट्राय अगेन."

"ओला आहे, म्हणून..." एकनाथ म्हणाला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. बाई तेच म्हणत राहिली.

नीलेशला काहीतरी सुचलं. "नोंदणीच्या वेळचा मूळ ठसा मशीनमध्ये असतो. तो बघू या." त्यानं लॅपटॉप जोडला. पडद्यावर आधी तारीख आली. आठ महिन्यांपूर्वीची, एकनाथच्या बरोब्बर लक्षात असलेली. मग ठसा आला, ताटाएवढा मोठा.

रेषा स्वच्छ होत्या, एकही पुसलेली नव्हती. आणि त्या सगळ्या रेषा कापत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक तिरका वण गेला होता.

एकनाथनं आपला अंगठा पाहिला. फुगलेला, पांढरा. त्यावर वण नव्हता. त्यावर काहीच नव्हतं, एक रेषासुद्धा नाही.

हवालदारांनी जबाबाचा कागद काढून वाचला, मग गोमाला पडद्यापाशी बोलावलं. "बाबा, नीट बघा. हाच वण का?"

गोमा पडद्याजवळ गेला. त्यानं बोट पुढे केलं आणि काचेवरच्या त्या तिरक्या रेघेवरून हळूच फिरवलं.

"हाच," तो म्हणाला. "माज्या कोयत्याचा हाय."

"म्हणजे अंगठा तुमच्या मुलाचाच. मग त्या दिवशी पाच चारला तो बाहेर पडला की नाही?"

गोमानं बोट पुन्हा त्या रेघेवर ठेवलं. एकनाथला ओरडावंसं वाटत होतं, नाही म्हणा, बाबा, तुम्ही डोळा हलवला नव्हता! पण कशाच्या जोरावर ओरडणार होता?

"मंग माजाच डोला लागला आसंल," गोमा म्हणाला.

जांभळ्या शाईचा पॅड पुढे आला. त्यानं कागदावर अंगठा उमटवला. पंच्याला शाई पुसत तो एकनाथसमोर थांबला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी माज्यासाटी खोटं बोलला," तो म्हणाला. "एवढं कोन करीत नाय."

तो फाटकातून बाहेर पडला आणि बोईसरच्या रस्त्याला लागला. बारा दिवस तो बसला होता तिथं जमीन गुळगुळीत झाली होती.

प्रदीप सरांनी एकनाथला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं, वर खांद्यावर हात ठेवला. आणि खरं सांगायचं तर एकनाथला हायसं वाटलं. एवढ्या चार माणसांसमोर सिद्ध झालं होतं की तो अंगठा त्याचा नव्हता. आपल्यालाच भ्रम झाला असेल. रोजच्या कामाच्या ताणानं होतं असं. त्या रात्री तो गाढ झोपला, आणि याबद्दल त्याला कुणी माफ करू नये.

विश्रांती न घेता तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला. चौकशी मिटली तसं नोंदीचं कुलूप निघालं होतं आणि जिवल्याचं नाव मशीनमधून काढून टाकायचं होतं. सव्वासातला त्यानं ते काढलं. यादी एका नावानं वर सरकली.

टेम्पो आला. माणसं रांगेला लागली. सात एक्कावन्न झाले.

रांगेतला पहिला माणूस चप्पल अडकली म्हणून खाली वाकला.

मशीनच्या काचेवर ओल उमटली. एकनाथ हातभर अंतरावर होता. आधी मध्यभागी एक ठिपका, मग तो पसरत अंगठ्याएवढा झाला. पिवळट पाण्याचा ठसा, आणि त्यातून कोरडी राहिलेली एक तिरकी रेघ.

"प्लीज ट्राय अगेन," बाई म्हणाली.

ठसा कडेनं वाळत आला आणि त्याच जागी पुन्हा उमटला.

"प्लीज ट्राय अगेन."

एकनाथनं इकडे तिकडे पाहिलं. रामकिसन पाठमोरा होता. रांगेतली माणसं आपापसांत बोलत होती. पाहणारा तो एकटाच. हवालदारांना फोन लावता आला असता. पण सांगणार काय, की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं?

"प्लीज ट्राय अगेन."

आता ठसा भराभर उमटत होता. एकावर एक, घाईनं, आठचा भोंगा व्हायच्या आत लागलीच पाहिजे अशी हजेरी असल्यासारखा. आठ महिने रोज या क्षणी कुणीतरी थोडं हसून एकनाथकडे बघायचं.

"क्या हुआ साहब, लाइन रुकी है," रामकिसन म्हणाला.

एकनाथनं डावा हात खिशात घातला. उजव्या हातानं रुमाल काढला, काच नीट पुसली, कडेपर्यंत.

"चला," तो म्हणाला. "पुढचा."

पहिल्या माणसानं अंगठा टेकवला आणि लगेच उचलून पँटला पुसला. बाई थँक यू म्हणाली. एकनाथच्या डाव्या खिशातून काहीतरी ओलं मांडीवरून खाली ओघळत होतं.